बेन नेव्हिसचे शिखर बहुमताने ठरवल्याबद्दल

जून महिन्याचा दुसरा शुक्रवार: लंडनच्या हाउन्सलोहून बसने प्रस्थान. जबाबदार व्यक्ती: आमच्या मंडळाचे अध्यक्ष श्री. निखिल भोंडेकर.

लगेचचा शनिवार, दुपार: बेन नेव्हिस पर्वताच्या माथ्यावरील पठारावर ठराव संमत. जबाबदार: सूचक श्री. भोंडेकर, अनुमोदक चिटणीस सौ. ऋता सामंत, आणि हातमोज्यांसह हात वर करणारे सर्व सभासद.

तोच शनिवार, मतदान चालू असताना: माझी पत्नी सौ. कुमुद धुक्यात दिसेनाशी. जबाबदार: वरील सर्व.

जुलैचा पहिला आठवडा: मंडळाच्या त्रैमासिकात ‘ब्रिटनच्या शिखरावर मराठी पाऊल’ या मथळ्याचा वृत्तान्त. जबाबदार: संपादक, म्हणजे पुन्हा सौ. सामंत.

प्रवासवर्णनाची सुरुवात सूर्योदयाने करावी असा प्रघात आहे. आम्हाला तीन दिवसांत सूर्य फारसा भेटला नाही, आणि आरोपी मात्र सतत बरोबर होते. तेव्हा क्रम बदलल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. तुम्ही तो डोंगर पाहिलेला नाही आणि निवाडा तर तुम्हीच करायचा आहे. म्हणून आधी डोंगर सांगतो, गुन्हा नंतर.

माझ्याविषयी थोडक्यात. पुण्यात कायद्याची पदवी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत पश्चिम लंडनमधल्या एका कौन्सिलच्या परवाना विभागात काम केले. कोणत्या पबने कुठवर संगीत वाजवावे, कोणत्या उपाहारगृहाच्या खुर्च्या पदपथावर किती पुढे याव्यात, हे मी ठरवत असे. मंडळाची घटनाही मीच लिहिली. तिचा संबंध पुढे येतो, आणि तो माझ्या बाजूने येत नाही.

कुमुदविषयी जरा अधिक सांगणे भाग आहे. लग्नाआधी ती साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. ‘हिमनदीचे कार्य’ हा तिचा आवडता धडा. डोंगराच्या कुशीत हिमनदीने कोरून काढलेली, आरामखुर्चीसारखी अजस्र खोलगट जागा म्हणजे हिमगव्हर. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन हिमगव्हरांमध्ये उरलेली सुरीच्या पात्यासारखी धार म्हणजे शुककूट. हे सारे ती रंगीत खडूंनी फळ्यावर काढी, आणि मुले ते वह्यांत उतरवून घेत. साताऱ्यात बर्फ रसवंतीगृहात मिळे, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. मुलांचा आणि बाईंचा हिमाशी संबंध तेवढाच.

मग लग्न झाले आणि आम्ही इंग्लंडला आलो. तिची पदवी इथे मान्य झाली नाही. मी पत्रे लिहिली. प्रत्येकाचे नम्र उत्तर आले, आणि नम्रतेपलीकडे त्यात काही नव्हते. हाउन्सलोच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत मुलांच्या जेवणावर देखरेख करण्याचे काम तिने निवृत्तीपर्यंत केले. भोजनगृहाकडे जाणारा रस्ता भूगोलाच्या वर्गावरून जाई. वर्गाच्या काचेतून भिंतीवरचे हिमगव्हराचे चित्र दिसे. या देशात खरी हिमगव्हरे आहेत, आणि तरीही इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडे फिरकलो नाही. आधी घराचे हप्ते, मग मुलाचे शिक्षण, मग माझी पाठ.

त्यामुळे मंडळाच्या ग्रुपवर बेन नेव्हिसच्या सहलीची घोषणा झाली, तेव्हा कधी काही न मागणारी कुमुद म्हणाली, “अहो, त्या डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला खरं हिमगव्हर आहे. माथ्यावरून खाली बघता येतं म्हणे. मला ते एकदा बघायचंय.”

आम्ही नावे नोंदवली ती एवढ्यासाठी. ध्वज फडकवण्यासाठी नव्हे. पुढचे तीन महिने अडुसष्ट वर्षांची माझी पत्नी पाठपिशवीत बासमतीच्या पिशव्या भरून हाउन्सलो हीथच्या माळावर फेऱ्या मारत होती.

शुक्रवार: फोर्ट विल्यम

बसच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. अंताक्षरी झाली, एवढे सांगितले की जाणत्यांना पुरे.

फोर्ट विल्यम हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचे, खाडीच्या काठचे लहानसे गाव. गावातून बेन नेव्हिस दिसत नाही. मध्ये आडवे आलेले डोंगर दिसतात आणि नवखा माणूस त्यांच्याकडेच बोट दाखवून फोटो काढतो. आमच्या बहुतेक सभासदांनी हे कर्तव्य बस थांबताच पार पाडले.

उतरल्यावर पहिले स्वागत मिज नावाच्या किड्यांनी केले. मिज म्हणजे चिलट समजा. पण आपले चिलट एकटेदुकटे येते आणि हाकलले की जाते, मिज मात्र संपूर्ण कार्यकारिणीसह येतात. वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचेतो सगळे स्वतःच्याच थोबाडीत मारत होते. इतके सार्वत्रिक आत्मपरीक्षण मंडळात मी प्रथमच पाहिले.

रात्रीचे जेवण वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात. पिठल्यासाठी तेल तापले, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि आगीचा भोंगा वाजू लागला. त्या इमारतीतील समस्त जर्मन, डच आणि मराठी जनता पायजम्यांत बाहेर पावसात उभी राहिली. वसतिगृहाची व्यवस्थापक, एक उंच आणि थकलेली बाई, आत जाऊन आली.

“धूर नव्हता,” ती म्हणाली. “पण माझे डोळे अजून चुरचुरताहेत. नक्की काय शिजतंय?”

“डिनर,” भोंडेकर म्हणाले.

“असं तुम्ही म्हणता,” ती म्हणाली आणि खिडक्या उघडायला गेली.

इथल्या हॅगिसबद्दल आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. मेंढीचे काळीज-फुप्फुस बारीक करून, ओट घालून पोटाच्या पिशवीत शिजवतात, हे ऐकून आमच्या काही भगिनींनी कानांवर हात ठेवले. ज्यांच्या माहेरी वजडीचा रस्सा आवडीने होतो त्यांनीही ठेवले. कुमुदने गावातल्या दुकानातून शाकाहारी हॅगिस आणून चाखले आणि निकाल दिला: “मिऱ्याची जाडसर उसळ. लिंबू हवं होतं.”

जेवणानंतर मी डोंगराविषयी थोडे वाचून दाखवले. ऐकायला कुमुद होती आणि भोंगा ऐकून अजून न झोपलेला एक डच गृहस्थ होता.

गेलिक भाषेतल्या या नावाचे दोन अर्थ सांगतात. एका मते ‘दुष्ट’, दुसऱ्या मते ‘ढगांत डोके असलेला’. हा डोंगर मूळचा ज्वालामुखी. त्याच्या पोटातला रस उपसला गेल्यावर माथा आतल्या आत खचला, पुढे भोवतालचे सारे हिमनद्यांनी खरवडून नेले आणि खचलेला भागच सर्वांत उंच उरला. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचा, पण त्याची रास थरावर थर चढत झाली. हा डोंगर पडल्यामुळे उंच ठरला. उंची एक हजार तीनशे पंचेचाळीस मीटर, म्हणजे आमच्या महाबळेश्वरपेक्षा किंचित बुटका.

हे वाक्य भोंडेकरांनी जाता जाता ऐकले. “बस? महाबळेश्वरएवढंच? काहून एवढं टेन्शन घेता काका! उद्या जेवायला खाली.”

“महाबळेश्वरला एसटी जाते, निखिल,” कुमुद म्हणाली. “इथे समुद्राच्या पातळीपासून पायानं जायचंय. आणि अक्षांश बघ की जरा.”

अक्षांश पाहायला भोंडेकर थांबले नाहीत.

शनिवार: वाट

डोंगराला दोन तोंडे आहेत आणि दोहोंचा इतिहास वेगळा. आम्ही चढलो ते मागचे, सौम्य तोंड. अठराव्या शतकात झाडपाल्याचे नमुने गोळा करीत एक वनस्पतिशास्त्रज्ञ वर गेला. नोंद असलेली पहिली चढाई त्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थेट माथ्यावर हवामानाची वेधशाळा बांधली गेली, आणि तिच्यासाठी तट्टे जातील अशी वळणावळणांची वाट काढली. आजही सारे जग त्याच वाटेने जाते. वेधशाळेत माणसे हिवाळाभर राहत आणि तासातासाला बाहेर येऊन वारा, पाऊस, तापमान लिहीत. तिथल्या धुक्यात दिसणारी रंगीत कडी पाहून एका तरुण शास्त्रज्ञाने पुढे प्रयोगशाळेत ढग बनवण्याचे उपकरण केले आणि नोबेल मिळवले. आम्हीही धुके पाहिले. आम्ही त्यातून काय मिळवले ते पुढे येईल.

उत्तरेचे तोंड म्हणजे सरळ तुटलेले कडे. ब्रिटनमध्ये इतरत्र इतके उंच कडे नाहीत. आल्प्सला जाऊ पाहणारे गिर्यारोहक इथे हिवाळ्यात येऊन हात घडवत, आणि बर्फावर चढण्याच्या कित्येक युक्त्या याच घळींमध्ये शोधल्या गेल्या. घळींची नावे भारदस्त आहेत, एक सोडून: वेधशाळेतले लोक ज्या घळीतून कचरा आणि खरकटे खाली ढकलत, तिला जुन्या एडिनबरोत खिडकीतून घाण फेकताना जी आरोळी देत तिचेच नाव मिळाले. आपल्या पेठांच्या वरच्या मजल्यांवर ही परंपरा आरोळीविना चालू होती, एवढाच संस्कृतिभेद.

सकाळी चढायला सुरुवात केली तेव्हा पाऊस नव्हता. खाली हिरवी दरी, तिच्या बाजू उभ्या आणि तळ सपाट. कुमुद दर वळणावर थांबत होती. मला वाटले दम लागला. “दम नाही हो,” ती म्हणाली. “समोर बघा. ही यू आकाराची दरी. हिमनदी गेल्याशिवाय अशी होत नाही. नदीची दरी व्हीसारखी असते.” मी आयुष्यात इतक्या दऱ्या पाहिल्या, पण त्यांना अक्षरे असतात हे लक्षात घेतले नव्हते.

अर्ध्या वाटेवर एक काळे तळे लागते. तिथे दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. शेजारी बसलेल्या इंग्रज मुलींनी त्यांच्या त्रिकोणी सँडविचेसकडे एकदा आणि आमच्या डब्याकडे दोनदा पाहिले. कुमुदने एक दशमी देऊ केली, आणि मग डोंगरावर आमची इज्जत वाढली. ती फार काळ टिकायची नव्हती. तळ्यापुढे नुसते दगड. तळपायाखाली निसटणारे, नागमोडी वळणांनी वर चढणारे. वर गेलो तसे धुके आले, वारा आला, आणि आडवा पाऊस सुरू झाला. एका सभासदाच्या बुटाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागला. आमच्यातले काही लोक मागे फिरले. हा शहाणपणाचा निर्णय होता आणि त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

उरलेले आम्ही पठारावर पोहोचलो. उतार मंदावला, भोवती पांढरा अंधार. त्यात पुढे एक माणसापेक्षा उंच दगडांची रास उगवली, नीट रचलेली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे डोंगर कुठे संपतो हा प्रश्न कधी पडत नाही. माथ्यावर देव असतो. देऊळ दिसले, घंटा वाजवली, नारळ फोडला, झाले. इंग्रजांच्या डोंगरावर देव नसल्याने शिखराची खूण राहत नाही, आणि रचलेले दगड दिसले की मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात. मी राशीपाशी पोहोचलो तेव्हा सौ. सामंतांनी तिला हळदकुंकू वाहिले होते आणि भोंडेकर पिशवीतून भगवा ध्वज काढत होते.

“आलं रे बावा! टॉप! फोटो, फोटो!”

“निखिल,” कुमुद म्हणाली, “हे शिखर नाही.”

“काकू, यापुढे काही दिसतंय का तुम्हाला?”

“दिसत नाही म्हणजे नाही, असं असतं का? शिखरावर वेधशाळेच्या पडक्या भिंती आहेत. मोजणीचा खांब आहे. इथे काय आहे?”

“एवढे दगड रचलेत की,” सौ. सामंत म्हणाल्या. “उगाच कोण रचेल?”

“वाट चुकून कोणी कड्यावरून जाऊ नये म्हणून रचलेत गं. असे ढीग मागेही लागले आपल्याला.”

भोंडेकरांची कन्या रिया विद्यापीठात शिकते. तिने फोन उंच धरला. “बाबा, इथे नेटवर्क येतोय. सो, टॉपच आहे.” नकाशा मात्र कोणी आधी उतरवून घेतला नव्हता, पडद्यावर करड्या चौकोनात निळा ठिपका होता.

“भोंडेकर, तुमचे घड्याळ उंची दाखवते ना?” मी विचारले.

त्यांनी मनगट पाहिले आणि बाही खाली ओढली. “ढगात एरर देते ते, काका.”

मंडळी कुडकुडत होती. खाली गावात जेवणाचे टेबल राखून ठेवलेले होते. एवढ्यावर निदान मतभेद नोंदवून पुढे जाता आले असते, पण भोंडेकर हसले, आणि म्हणाले, “काका, घटना तुमचीच आहे. कलम चौदा. सहलीत वाद झाला तर हजर सभासदांच्या बहुमतानं निर्णय.”

“ते कलम जेवणाचा मेनू ठरवण्यासाठी आहे!”

“तसं लिहिलंय का त्यात?”

लिहिलेले नव्हते. कायद्याच्या माणसाला याहून नेमक्या जागी कोणी मारू शकत नाही.

ठराव असा मांडला गेला: ‘सभासद ज्या ठिकाणी उभे आहेत ते ठिकाण बेन नेव्हिस पर्वताचे शिखर आहे, असे ही सभा मानते.’ सौ. सामंतांनी अनुमोदन देऊन उपसूचना जोडली: ‘घड्याळातील तफावत ग्राह्य धरू नये.’ मी हरकतीचे मुद्दे घेतले. पहिला, सभेची पूर्वसूचना नाही. दुसरा, अध्यक्षच सूचक होऊ शकत नाहीत. तिसरा, कलम चौदा सभासदांच्या इच्छेला लागू होते, भूपृष्ठाला नाही. आणि या तिसऱ्याला उपमुद्दे होते. पाऊस तोंडात जात असतानाही मी ते सर्व मांडले. उत्तरादाखल कोणीतरी म्हणाले, “काका, प्लीज.”

“ठरावाच्या बाजूने?” हात वर झाले. काही हात गारठल्यामुळे छातीपर्यंतच आले. तेही मोजण्यात आले.

“विरोधात?”

मी हात वर केला आणि कुमुदचा हात पाहण्यासाठी डावीकडे वळलो.

डावीकडे धुके होते.

शनिवार: धुक्यात

“काकू लेडीजबरोबर खाली गेल्या असतील,” कोणी म्हणाले.

“ती खाली गेलेली नाही,” मी म्हणालो. “ती वर गेली आहे. माझ्याबरोबर कोणीतरी चला.”

भोंडेकरांनी फोन लावून पाहिला. जे नेटवर्क शिखर सिद्ध करण्यास पुरेसे होते, ते एक घंटी वाजवण्यास पुरले नाही. “काका, तुम्हीपण जाऊ नका. बस थांबलीय. तुम्ही गेलात तर आम्ही रिस्पॉन्सिबल नाही.”

“हेच वाक्य इतिवृत्तात लिहा,” मी म्हणालो आणि निघालो. ते त्यांनी लिहिले नाही. मागे नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि जयजयकार.

इथून पुढच्या भागात मला विनोद सुचत नाही. त्या पठाराचा धोका असा की उत्तरेच्या घळी माथ्यात आत शिरलेल्या आहेत. वाटेवरून थोडे ढळले की जमीन संपते, आणि धुक्यात ती कुठे संपते ते कळत नाही. जिथे माणसे पडली त्या जागा मी आदल्याच रात्री मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. मी एका राशीपासून दुसरी रास दिसेपर्यंत थांबत होतो आणि हाका मारत होतो. धुक्यात हाक पुढे जात नाही, अंगाशीच राहते. एके ठिकाणी डाव्या हाताला मळकट बर्फाचा पट्टा दिसला. त्यावर पावलांचे ठसे नव्हते. पट्ट्याच्या पलीकडे काहीही नव्हते. नुसता वारा खालून वर येत होता. ठसे नाहीत, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितले आणि चालत राहिलो.

मग कुत्रे भुंकले. आवाजाच्या रोखाने गेलो, तर पडक्या भिंतींचा आडोसा. आडोशाला कुमुद बसलेली. तिच्या शेजारी लाल जाकीट घातलेली एक उंच स्कॉटिश बाई थर्मासमधून चहा ओतत होती आणि तिच्या हातात आमची दशमी होती.

“आलात?” कुमुद म्हणाली. “ठराव पास झाला?”

“झाला.”

“तुमचे मुद्दे संपेपर्यंत म्हटलं जाऊन येते.”

“अगं, तुला काही झालं असतं म्हणजे?”

“होकायंत्र होतं की. नकाशावरून दिशा रात्रीच काढून ठेवली होती. आणि वाटेत ही मोराग भेटली. दातांची डॉक्टर होती ही, इथे गावातच.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. “अहो, घाबरलात?”

या प्रश्नाचे उत्तर मी तिथे दिले नाही. इथेही देत नाही.

मोरागला मी घडलेली हकीकत इंग्रजीत सांगितली. ती बराच वेळ गंभीरपणे ऐकत होती. “शिखर कुठे आहे यावर मतदान?” ती म्हणाली. “आम्हीही या देशात फार मोठमोठ्या गोष्टींवर मतं दिली आहेत. पाऊस काही थांबला नाही.” कुत्र्याला तिने दशमीचा तुकडा दिला. “आणि ते नारळाचं कवच खाली घेऊन गेले का ते लोक?”

नारळ मी मनातल्या आरोपपत्रात जोडून घेतला.

आम्ही चहा संपवला. निघायच्या बेतात असताना पांढरेपणात एक भोक पडले. आधी त्यातून शेजारच्या तांबूस डोंगराची कड दिसली, मग धुके पडद्यासारखे बाजूला सरकले आणि पायांखालची सगळी पोकळी उघडी पडली. काळे ओले कडे, त्यांच्या सांध्यांत जूनमध्येही न वितळलेला बर्फ, तळाशी दगडांचा सडा आणि त्यातून निघालेला पाण्याचा एक धागा. दूर खाली मोरागने बोट दाखवले तेव्हा एक इवलेसे छप्पर दिसले. युद्धात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी आईबापांनी गिर्यारोहकांकरिता बांधलेली दगडी झोपडी. आणि आमच्या डोंगरापासून त्या तांबूस डोंगरापर्यंत, हवेत ताणून धरल्यासारखी, एक वाकडी धार.

कुमुद उठून उभी राहिली. मोरागने तिच्या जाकिटाची कड मागून धरून ठेवली. कुमुदने उजवा हात वर केला आणि बोटांच्या चिमटीत खडू असावा तशी ती हवेत रेघ ओढू लागली; कड्याच्या वळणावरून खाली, तळातून, पुन्हा वर धारेपर्यंत.

“मी धार फार जाड काढायचे,” ती म्हणाली.

बस्, एवढेच. धुके पुन्हा मिटले.

रविवार, आणि नंतर

मोरागच्या सोबतीने आम्ही सुखरूप उतरलो. बस उभी होती. कोणी ‘काकू, बऱ्या आहात ना’ असे विचारले नाही. अध्यक्षांचे पहिले वाक्य होते, “काका, तुमच्यामुळे टेबल गेलं.” त्या रात्री पुन्हा पिठले झाले, या वेळी खिडक्या उघड्या ठेवून.

रविवारी सकाळी मीठ घातलेली ओटची लापशी खाताना प्रमाणपत्रे वाटली गेली. लापशी आम्ही साखर घालून खाल्ली तेव्हा व्यवस्थापक बाईने मान फिरवली. ज्याची त्याची श्रद्धा. कुमुदचे नाव पुकारले गेले नाही.

“काकू, तुमचं होल्डवर ठेवलंय,” सौ. सामंत म्हणाल्या. “ठरावाच्या वेळी तुम्ही शिखरावर नव्हता ना.”

कुमुद इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी हसलो नाही. माझे प्रमाणपत्र मी टेबलावरच ठेवले. बसमध्ये ती म्हणाली, “अहो, जाऊ द्या. मी बघितलं ना?” आणि मीही ठरवले होते, जाऊ द्यायचे. लेखी तक्रार न करता मी चांगले तीन आठवडे काढले. जे मला ओळखतात त्यांना त्याचे मोल कळेल.

मग त्रैमासिक आले. पहिल्या पानावर ध्वज, दगडांची रास आणि सभासद. खाली लिहिले होते: ‘शिखरावर उपस्थित सभासद’, आणि नावे. त्याखाली: ‘अनुपस्थित: सौ. कुमुद. सभात्याग: सौ. कुमुद यांचे यजमान.’ त्या दिवशी आमच्या मंडळातून शिखरावर पोहोचलेली माणसे दोन. शिखरावर नसलेली म्हणून छापलेली माणसे नेमकी तीच दोन.

हे अज्ञान मी कदाचित सोसले असते. पण कुमुदने आल्यावर साताऱ्याच्या तिच्या जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर लिहिले होते: ‘मुलींनो, हिमगव्हर पाहिले. फळ्यावरची धार चुकीची होती, वहीत बारीक करून घ्या.’ त्या मुली आता आज्या झाल्या आहेत. त्यांनी फुले, टाळ्या, काय काय पाठवले. तिथे कोणीतरी त्रैमासिकाचे पान टाकले, आणि एकीने अगदी साध्या मनाने विचारले: ‘बाई, यात तर तुम्ही अनुपस्थित आहात. मग तुम्ही पाहिलं ते कुठून?’

कुमुदने ते वाचले. फोन पालथा ठेवला. आत जाऊन कांदे चिरू लागली. रात्री ग्रुपवर तिने एवढेच लिहिले, ‘असेल, माझीच काही चूक झाली असेल.’

तिची चूक झालेली नाही. अर्ध्या आयुष्यानंतर जे तिला धुक्याच्या एका भोकातून दिसले, ते हातमोजे घातलेल्या हातांच्या बहुमताने तिच्याकडून परत घेतले जाऊ शकत नाही. पुढच्या अंकासाठी मी त्रैमासिकाकडे दुरुस्ती पाठवली. ‘जागेअभावी’ ती छापता आली नाही, असे कळवण्यात आले. त्या अंकात एअर फ्रायरमधल्या साबुदाणा वड्यांना दोन पाने मिळाली आहेत. म्हणून हे सर्व मी इथे, जे गेले नाहीत त्या तुमच्यासमोर, मांडले.

आता मागणी. मला माफी नको, प्रमाणपत्र नको, सत्कार तर मुळीच नको. शाली आम्हाला पुरेशा आहेत. येत्या वार्षिक सभेत, ईलिंगच्या सभागृहात, ध्वनिक्षेपक चालू असताना, श्री. निखिल भोंडेकर यांनी उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. आपण नारळ फोडलात त्या जागेपासून पुढची वाट चढत होती की उतरत होती?

उत्तर एका शब्दाचे आहे. त्यावर मतदान होणार नाही.